जैवतंत्रज्ञानातील संशोधनाचे पेटंट: खान्देशातील संशोधकांसाठी कामाचा क्रम

रावेर किंवा यावलच्या केळीबागेतील मुळांलगतच्या मातीतून एखादा जिवाणू वेगळा काढला, कुंड्यांमधील चाचणीत त्याने मर रोगाची बुरशी रोखल्याचे दिसले आणि मार्गदर्शकांनी पुढच्याच महिन्यातील परिषदेसाठी पोस्टर करायला सांगितले, असा प्रसंग आपल्याकडच्या प्रयोगशाळांमध्ये वारंवार येतो. पेटंटच्या दृष्टीने संशोधनाचे भवितव्य बहुधा इथेच ठरते, कारण अर्जाच्या तारखेपूर्वी जगात कुठेही जाहीर झालेली गोष्ट कायद्याच्या नजरेत नवीन राहत नाही. परिषदेतील गोषवारा, कृषी प्रदर्शनातील फलक, उद्योजकांपुढे दाखवलेले सादरीकरण आणि शोधगंगेवर (प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहावर) चढवलेला प्रबंध हे सर्व जाहीर करणेच आहे. माझ्याकडे कागदपत्रे घेऊन आलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रबंध चार महिन्यांपूर्वीच तिथे उपलब्ध झाला होता. काम उत्तम होते, पण अर्जात मांडण्यासारखे फार थोडे उरले होते. ती हळहळ अजून मनातून गेलेली नाही, म्हणून हा क्रम लिहून काढत आहे. भारतीय कायद्याच्या कलम ३१ मध्ये विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधासाठी बारा महिन्यांची मर्यादित सवलत आहे, परंतु युरोपात अशी सवलत मिळत नाही आणि भारतातही तिच्या अटी अरुंद आहेत. तिच्या भरवशावर आधी पोस्टर लावू नये.

दुसरा प्रश्न असा की नेमके कशावर हक्क मागायचा. १९७० च्या पेटंट कायद्यातील कलम ३ प्रत्येक जैवतंत्रज्ञाने एकदा तरी शांतपणे वाचले पाहिजे. निसर्गात आढळणाऱ्या सजीव किंवा निर्जीव पदार्थाचा शोध लागणे हा आविष्कार मानला जात नाही, म्हणजे मातीतून जसाच्या तसा वेगळा काढलेला जिवाणू तुमच्या नावावर होत नाही. वनस्पती, प्राणी, त्यांचे भाग, बियाणे, वाण आणि मूलतः जैविक असलेल्या प्रक्रिया वगळलेल्या आहेत, मात्र त्याच कलमात सूक्ष्मजीवांना अपवाद केलेला आहे; म्हणून प्रयोगशाळेत जनुकीय बदल घडवून तयार केलेला सूक्ष्मजीव दाव्यात, म्हणजे अर्जात नेमका कशावर हक्क मागितला आहे त्या विधानात, बसू शकतो. शेतीची पद्धत आणि माणसावर किंवा जनावरावर करायची उपचारपद्धती यांवरही पेटंट नाही. मग उरते काय, असे वाटेल. पण उरते ते पुष्कळ आहे. तो जिवाणू वाढवण्याची नवीन प्रक्रिया, त्याला भुकटीच्या स्वरूपात दीर्घकाळ जिवंत ठेवणारे मिश्रण, रोग ओळखण्याचा संच, ऊतिसंवर्धनातील नवीन माध्यम, हे सर्व मांडता येते. मिश्रणाच्या बाबतीत एक अट विसरू नये: घटक एकत्र आल्यावर त्यांच्या वेगवेगळ्या परिणामांच्या बेरजेपेक्षा अधिक परिणाम मिळतो, हे आकड्यांनी दाखवावे लागते. म्हणून पहिल्याच हंगामात प्रत्येक घटकाची स्वतंत्र चाचणी आणि एकत्रित चाचणी शेजारी शेजारी घ्यावी. तपासणी अधिकाऱ्याचा आक्षेप आल्यावर ही आकडेवारी मागे जाऊन तयार करता येत नाही. सजीव घटक असलेले अंतिम उत्पादन आहे म्हणून प्रक्रियेचे पेटंट नाकारता येत नाही, हे कलकत्ता उच्च न्यायालयाने २००२ साली डिमिनाको या कंपनीच्या प्रकरणात, जिवंत विषाणू असलेल्या लशीच्या संदर्भात, स्पष्ट केले आहे.

सातपुड्यातील औषधी वनस्पतींवर काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाड्यावरच्या वैदूने सांगितलेल्या उपयोगाचा अर्क काढून तोच उपयोग दाव्यात लिहिणे म्हणजे पारंपरिक ज्ञानावर हक्क सांगणे होय, आणि कायदा ते नाकारतो. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर दिलेले अमेरिकी पेटंट भारताच्या हरकतीवरून १९९७ साली रद्द झाले. आपण परदेशी कंपनीविरुद्ध जो न्याय मागितला, तोच आपल्या पाड्यावरच्या माणसालाही लागू आहे असे मला मनापासून वाटते.

वाणाचे काम करणाऱ्यांचा मार्ग वेगळा आहे. वांग्याचा, तुरीचा किंवा कापसाचा नवीन वाण पेटंटखाली जात नाही. त्यासाठी २००१ चा वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे, ज्याखाली पिकांच्या वाणांना १५ वर्षे आणि झाडे व वेलींना १८ वर्षे संरक्षण मिळते. बीटी कापसाच्या जनुकीय क्रमावरील पेटंटचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने पेटंट रद्द ठरवणारा आदेश बाजूला सारून प्रकरण पुन्हा सुनावणीसाठी पाठवले. बियाणे आणि त्यातील जनुकरचना यांमधील सीमारेषा किती नाजूक आहे, हे कपाशी पिकवणाऱ्या आपल्या भागाने त्या प्रकरणात पाहिले.

प्रयोगवही पहिल्या दिवसापासून पानांवर क्रमांक घालून, तारखेसह आणि सहीसह ठेवावी. आविष्कारात बौद्धिक भर घालणाऱ्यांचीच नावे आविष्कारक म्हणून द्यावीत. केवळ विभागप्रमुख आहेत म्हणून नाव घालू नये आणि विद्यार्थ्याचे नाव गाळू तर मुळीच नये. महाविद्यालय किंवा विद्यापीठ अर्जदार असेल तर आविष्कारकांनी हक्क हस्तांतरित केल्याचा कागद अर्जानंतर सहा महिन्यांच्या आत द्यावा लागतो. नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेला देण्याआधी लेखी करार करावा. पूर्वीचे पेटंट शोधण्यासाठी इनपास, एस्पेसनेट आणि पेटंटस्कोप ही संकेतस्थळे विनामूल्य आहेत.

नवीन सूक्ष्मजीव शब्दांत पूर्ण वर्णन करता येत नसेल आणि तो लोकांना उपलब्ध नसेल, तर तो बुडापेस्ट कराराखालील (पेटंटसाठी सूक्ष्मजीव जमा करण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराखालील) मान्यताप्राप्त संग्रहात ठेवावा लागतो. भारत २००१ साली या करारात सामील झाला. चंडीगडचे एमटीसीसी हे सूक्ष्मजीव संग्रह केंद्र आणि पुण्यातील राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र ही अशी केंद्रे आहेत. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारहून पुणे सोयीचे पडते. अर्जाच्या तारखेपर्यंत संवर्ध (वाढवलेला सूक्ष्मजीव) तिथे जमा झालेला असावा आणि त्याचा संदर्भ तीन महिन्यांच्या आत विनिर्देशात, म्हणजे आविष्काराचे सविस्तर वर्णन करणाऱ्या अर्जातील मजकुरात, यावा. केंद्राला जिवंत, शुद्ध संवर्ध लागतो आणि त्याची जिवंतता तपासायला वेळ जातो, त्यामुळे हे काम अर्जाच्या आदल्या आठवड्यावर ढकलू नये. विनिर्देशात जैविक सामग्रीचा स्रोत आणि भौगोलिक ठिकाणही सांगणे बंधनकारक आहे, म्हणून माती घेतानाच गावाचे नाव, तारीख आणि शेतमालकाची संमती वहीत लिहून घ्यावी. जैवविविधता कायद्यातील २०२३ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली असून तिच्यानुसार भारतीय अर्जदाराने पेटंट मिळण्यापूर्वी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. परदेशी भागीदार असल्यास नियम अधिक कडक आहेत.

आकडे अजून अपुरे असतील आणि परिषद जवळ आली असेल, तर प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज करावा. त्याच्या तारखेपासून बारा महिन्यांत पूर्ण विनिर्देश द्यावे लागतात. मात्र नुसते शीर्षक आणि दोन परिच्छेद लिहून तारीख मिळवणे फसवे आहे, कारण त्या अर्जात जे सांगितलेलेच नाही त्याला ती तारीख मिळत नाही. जिवाणूची ओळख, वाढवण्याची पद्धत आणि हाती असलेले निष्कर्ष त्यात असलेच पाहिजेत. महाराष्ट्रातील अर्जदारांचे काम मुंबई पेटंट कार्यालयात चालते आणि अर्ज ऑनलाइन भरता येतो. व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्थांसाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क १,६०० रुपये आहे, तपासणीच्या विनंतीचे ४,००० रुपये. ही विनंती पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ३१ महिन्यांत केली नाही तर अर्ज मागे घेतल्याचे धरले जाते. परदेशातही हक्क हवा असेल तर भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावे किंवा आधी परवानगी घ्यावी, आणि बारा महिन्यांच्या आत पीसीटी (पेटंट सहकार्य कराराखालील आंतरराष्ट्रीय) अर्ज करावा.

साधारण १८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो, त्यानंतर पेटंट मिळेपर्यंत कोणीही हरकत घेऊ शकतो. तपासणी अहवाल आला की उत्तरासाठी सहा महिने मिळतात. त्या काळात मूळ प्रयोग करणारा विद्यार्थी नोकरीला लागून दूर गेलेला असतो, म्हणून त्याचा संपर्क आणि कच्ची आकडेवारी संस्थेतच जपून ठेवावी, कारण दाव्यांची दुरुस्ती मूळ विनिर्देशात असलेल्या मजकुराच्या आतच करावी लागते आणि त्या मजकुराचा अर्थ त्याच्याइतका नेमका दुसरा कोणी सांगू शकत नाही.