एसी घेण्याआधी गच्चीवर जा

बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधली मशिनरी सांभाळणं हे माझं रोजचं काम. त्यामुळं उन्हाळा लागला की गल्लीतलं कोण ना कोण विचारतंच, "भाऊ, दीड टनाचा घेऊ का दोन टनाचा?" मी विचारतो, वर मजला आहे का थेट गच्ची? गच्ची असेल तर रात्री नऊला पंखा बंद करा, स्टुलावर चढा आणि छताला तळहात टेकवा. मग खोलीच्या चारी भिंतींना टेकवा. जिथं हाताला जास्त गरम लागेल, तिथं आधी पैसे घाला.

सांगलीत बहुतेक वेळा छतच निघतं. मेच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी सूर्य दुपारी इथं बरोब्बर डोक्यावर येतो. दक्षिणेच्या भिंतीला ऊन जेमतेम, सगळा मारा स्लॅबवर. काँक्रीट दिवसभर तापतं आणि ती उष्णता निम्म्या रात्रीपर्यंत खाली सोडत बसतं. आमच्या स्टोरेजच्या भिंतींत पफ, म्हणजे उष्णता अडवणारा फोम असतो. तेवढ्याच जाडीच्या काँक्रीटमधून त्याच्या पन्नासपटीहून जास्त उष्णता आत येते. पण घराला पफ बसवायचा खर्च ऐकून डोळे पांढरे होतात, त्यापेक्षा गच्ची पांढरी करा.

शिमगा झाला की पाडव्याच्या आत हे काम उरकावं. गच्ची खराट्यानं झाडून धुवा, भेगा आधी भरून घ्या. कळीचा चुना जुन्या पत्र्याच्या डब्यात भिजवा. प्लॅस्टिकची बादली नको, कारण चुना उकळतो. आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना. चुन्यावर पाणी ओतायचं नाही. डोळ्यांना चष्मा हवाच, पोरं लांब ठेवा. रात्रभर मुरला की फडक्यातून गाळा, ताकाइतका पातळ करा, त्यात थोडं पांढरं सिमेंट आणि रंगात घालतात तो फेविकॉल डीडीएल घाला. ऊन उतरल्यावर गच्ची ओली करून पहिला हात मारा. ओला असताना काहीच चढलं नाही असं वाटतं आणि माणसं घाईनं जाड थर देतात. मग तो पोपडे धरून निघतो. वाळला की आपोआप पांढरा उठतो. पातळ दोन-तीन हात बास. भर दुपारी टेंपरेचर गन धरली तर काळ्या पडलेल्या आणि चुना दिलेल्या गच्चीत दहा-पंधरा अंशांचा फरक सहज दिसतो. पावसानं चुना धुपतो, म्हणून दरवर्षी करायचं. पावसाचं पाणी टाकीत साठवत असाल तर चुना नको, पांढऱ्या चायना मोझॅकचा, म्हणजे टाइलचे तुकडे बसवून केलेल्या फरशीचा खर्च करा.

पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावून फारसं भागत नाही, काच ओलांडून ऊन आत आलेलं असतं. बाहेरून शेडनेट बांधा. बेदाण्याच्या शेडवरची जुनी नेटही चालते. पत्र्याचं घर असेल तर नेट पत्र्याला चिकटवू नका, बांबूवर वीतभर उंच ताणा, मधून वारा खेळला पाहिजे. उसाचं पाचट टाकतात लोक, थंडही राहतं, पण राहत्या घरावर ते नकोच. एक ठिणगी पुरते.

कूलरला खिडकी उघडी लागते, हे अजून कित्येकांना पटत नाही. एप्रिलच्या कोरड्या हवेत तो मस्त चालतो. वळीव पडून हवा दमट झाली की नुसती चिकचिक.

एवढं करून एसी घेतलाच, तर उदबत्ती पेटवून दार-खिडक्यांच्या फटींजवळ फिरवा. धूर हलला तिथं रबरी पट्टी. 2020 पासून नवे एसी मुळात 24 अंशांवरच सुरू होतात, ते 18 वर ओढू नका. एक अंश वर ठेवला की साधारण सहा टक्के वीज वाचते. बाहेरचं युनिट सावलीत ठेवा, पण त्याला कोंडू नका. शोभेसाठी त्याच्यापुढं जाळी-कुंड्या लावलेली घरं मी बघतो. गरम हवा तिथंच फिरते, कॉम्प्रेसर ट्रिप होतो आणि मग मला फोन येतो.