दोरी आणि तीन मणी: मुलाकडून डोळ्यांचा व्यायाम घरी कसा करून घ्यावा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळेतल्या मुलांना घेऊन पालक माझ्याकडे येतात, तेव्हा तक्रार बहुधा ठरलेली असते: "कन्नड वाचायला जमत नाही." तोवर शिकवणी लावून झालेली असते. त्याआधी एक करून पाहा. मुलाला सहज येतं असं मराठी पुस्तक दहा-पंधरा मिनिटं मोठ्यानं वाचायला लावा. पहिलं पान झरझर वाचून पुढे ओळ गाळत असेल, तीच ओळ दोनदा वाचत असेल, एक डोळा झाकत असेल, कपाळ चोळत असेल, तर आधी डोळ्यांकडे बघा. दोन्ही डोळे जवळच्या अक्षरावर एकत्र वळवून टिकवताना मुलाची दमछाक होत असण्याची शक्यता आहे. याला कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी म्हणतात. मराठी सुरळीत आणि कन्नडच तेवढं अडखळत असेल, तर बहुतेक वेळा सराव कमी पडतोय.

"शाळेत तपासलंय, ६/६ आहे," हे ऐकलं की मला राग येतो. तो तक्ता लांबचा. प्लस नंबर असलेलं मूल डोळ्यांवर जोर देऊन तो तक्ता पूर्ण वाचू शकतं आणि पुस्तकापाशी थकतं. म्हणून थेंब घालून नंबर काढून घ्या, आणि दोन्ही डोळे नाकाजवळ किती अंतरापर्यंत एकत्र वळतात, जवळचं फोकस किती टिकतं, हेही तपासायला स्पष्ट सांगा. न सांगता हे बहुधा होत नाही. थेंबांनी जवळचं धूसर दिसतं, तेव्हा परीक्षेच्या आदल्या दिवशी जाऊ नका.

निदान झालं आणि व्यायाम सांगितला, तरच पुढचं वाचा. मूल कायम तिरळं बघत असेल किंवा एका डोळ्याची नजर मंद असेल, तर हा व्यायाम स्वतःच्या मनानं सुरू करू नका. मेंदूनं गप्प केलेला डोळा अर्धवट जागा झाला, तर कायमचं दोन-दोन दिसायला लागू शकतं.

सामान साधं. साधारण ३ मीटर पांढरी दोरी, त्यात वेगवेगळ्या रंगांचे तीन मोठे मणी. मणी बेळगावच्या खडे बाजारातून आणा नाहीतर जुन्या माळेतले काढा. दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर बांधा, दुसरं मुलानं नाकाच्या शेंड्याला लावून ताणून धरायचं. मणी नाकापासून ४० सेंटिमीटरवर, १ मीटरवर आणि लांबच्या टोकाशी. चष्मा असेल तर लावूनच.

आता खरा अवघड टप्पा. मलाही सुरुवातीला यानंच सगळ्यात जास्त छळलं. मूल मधल्या मण्याकडे बघतं तेव्हा तो मणी एकच दिसायला हवा, पण दोऱ्या मात्र दोन, आणि त्यांची फुली नेमकी मण्यात. दोन दोऱ्या दिसणं हेच इथं बरोबर. प्रत्येक डोळ्याची एक. पण मुलाला नेमकं काय दिसतंय हे आपल्याला दिसत नाही, आणि पालक विचारतात, "फुली दिसते ना रे?" मूल म्हणतं, "हो." संपलं. महिनाभर मूल हो म्हणत राहतं आणि डोळे होते तिथंच राहतात.

म्हणून उत्तर तोंडात घालू नका. "काय दिसतंय?" एवढंच विचारा आणि पाटीवर काढायला सांगा. मण्यापलीकडे फुली काढली, तर डोळे पुरेसे वळलेले नाहीत. या मुलांत हेच जास्त आढळतं. मण्याच्या अलीकडे काढली, तर ते गरजेपेक्षा जास्त वळलेत. एकच रेघ काढली, तर मेंदूनं एका डोळ्याचं चित्र बंद केलंय.

"दोन दोऱ्या दिसायल्यात" असं मूल म्हणालं, तरी एक परीक्षा घ्याच. नजर मण्यावर ठेवून त्याचा उजवा डोळा हातानं झाका आणि नाक ते मणी या भागातली कोणती दोरी गेली ते विचारा. डावीकडची जायला हवी. अंदाजानं बोलणारं मूल हमखास "उजवी" म्हणतं. मी प्रत्येक मुलाकडून हे करून घेते, कितीही हुशार असो.

एकच दोरी दिसत असेल तर ओरडू नका, ते मुलाच्या हातात नाही. दोरी हलकेच हलवा, पापण्या भरभर मिटायला सांगा, डोळे आळीपाळीनं झाका. तरीही दुसरी दोरी येत नसेल तर थांबा आणि ज्यांनी व्यायाम दिला त्यांना कळवा. जबरदस्तीनं बघत राहून काही साधत नाही.

फुली मण्यात बसू लागली की जवळचा मणी थोडा-थोडा नाकाकडे सरकवा. मणीच दोन झाला की मागे घ्या, एक झाला की पुन्हा पुढे. मग लांब, मधला, जवळचा अशा उड्या, प्रत्येक ठिकाणी फुली बसेपर्यंत थांबून. डोकं दुखलं की त्या दिवसापुरतं बंद.

नुसतं घरी पेन्सिल नाकाकडे आणायला सांगून मोकळं करणारा सल्ला मला मान्य नाही. अमेरिकेत ९ ते १७ वर्षांच्या २२१ मुलांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, १२ आठवडे दवाखान्यात दर आठवड्याला उपचार आणि जोडीला घरचा सराव घेणाऱ्यांपैकी ७३ टक्के मुलांना यश मिळालं किंवा सुधारणा झाली. फक्त पेन्सिलवाल्यांत ४३ टक्के, आणि खोटा उपचार (तुलनेसाठी दिलेला, नुसता उपचारासारखा दिसणारा) घेणाऱ्यांत ३५. खानापूरहून दर आठवड्याला बेळगावला यायचं म्हणजे बापाचा एक रोज बुडतो, हे मला माहीत आहे. तरी दोरी ही त्या फेरीच्या जोडीला आहे, तिच्या जागी नाही.

यातून डिस्लेक्सिया (अक्षरं ओळखून वाचण्यातली अध्ययन अक्षमता) बरा होतो असं कुणी सांगितलं तर पैसे देऊ नका. पुढच्या, २०१९ मध्ये आलेल्या चाचणीत या उपचारानं वाचन-आकलनाचे गुण खोट्या उपचारापेक्षा जास्त वाढले नाहीत. सुधारतं ते डोळ्यांचं वळणं. डोळे सुधारूनही अक्षरं जुळत नसतील, तर अध्ययन अक्षमतेची वेगळी तपासणी करून घ्या, आणि ती मराठीतच घ्यायला सांगा. १२ आठवड्यांनी डोळे पुन्हा मोजून घ्या: ६ सेंटिमीटरच्या आत येईपर्यंत मणी एकच दिसत असेल आणि वाचताना त्रास थांबला असेल, तर दोरी कधी बंद करायची ते त्याच भेटीत विचारा.