बिऱ्हाड हलवताय? या चुका टाळा

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही डोंबिवलीहून पुण्याला आलो. रात्री नऊ वाजता नव्या स्वयंपाकघरात मी ओढणीतून चहा गाळत होते, कारण गाळणं 'किचन ४' नावाच्या खोक्यात होतं आणि 'किचन ४' कुठे ठेवलंय ते कोणालाच ठाऊक नव्हतं. लेक भातुकलीसाठी रडत होती, सासूबाई देवांचा डबा शोधत होत्या आणि नवरा खाली सोसायटीच्या सेक्रेटरींना लिफ्टसाठी गळ घालत होता. लोणच्याची एक बरणी सोडली तर सामानातलं काही फुटलं नव्हतं. सगळं अडलं होतं ते चौघांच्या रोजच्या बारीकसारीक सवयींपाशी. तेव्हा झालेल्या चुका सांगते.

खोक्यावर खोलीचं नाव लिहिणं

'किचन १' ते 'किचन ७' हे लेबल लावताना फार शिस्तीचं वाटतं, पण उघडताना त्याचा काडीचा उपयोग होत नाही. आत काय आहे ते लिहा: 'कुकर, तवा, मिसळणाचा डबा'. दोन बाजूंना लिहा, वरच्या झाकणावर नको. खोकी एकावर एक रचली की झाकण दिसत नाही.

आणि एक खोकं ट्रकमध्ये चढवूच नका, आपल्यासोबत न्या. त्यात चहा, साखर, गाळणं, काडेपेटी, सुरी, खिचडीपुरते डाळ-तांदूळ, छोटा कुकर, एक्स्टेन्शन बोर्ड, दोन बल्ब, पेचकस, साबण, मग, डासांची कॉइल आणि सगळ्यांची औषधं. घराचा करारनामा, शाळेचे दाखले, दागिने असलेली पिशवी तर मांडीवरच.

शहर बदलत असाल तर गॅसचं आधी बघा. भरलेला सिलेंडर सामानाच्या ट्रकमध्ये न्यायचा नसतो. जुन्या एजन्सीकडे सिलेंडर-रेग्युलेटर जमा करून कागद घ्यायचा, अनामत परत मिळते, आणि त्या कागदावर नव्या गावात कनेक्शन मिळतं. मधले दिवस इंडक्शनवर काढायचे. आमचं इंडक्शन हाताशी होतं म्हणून तो ओढणीचा चहा तरी झाला.

'आई काय, घरातच असतात' असं धरून चालणं

ही चूक मला अजून टोचते. आम्ही लेकीच्या शाळेचा विचार केला, नवऱ्याच्या ऑफिसच्या अंतराचा केला, सासूबाईंना मात्र नुसती खोली दाखवली. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला धप्प आवाज आला. त्या झोपेत उठून डाव्या हाताला वळल्या होत्या. डोंबिवलीच्या घरात डावीकडे बाथरूम होतं, इथे कपाट. नशिबाने कपाळावर टेंगूळ आलं, तेवढ्यावरच निभावलं. "अगं, पायांना अजून जुनंच घर ठाऊक आहे," असं त्याच म्हणाल्या.

त्या रात्रीच आम्ही पलंग फिरवला आणि उठल्यावर डावीकडेच वळावं लागेल असा लावला. प्लगमध्ये छोटा दिवा लावला, वाटेतली खोकी उचलली. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं: घरात सगळ्यांत आधी लावायचा तो म्हाताऱ्या माणसाचा पलंग. देवघरही त्यांनाच मांडू द्या, कितीही वेळ लागो. मुहूर्त बघून दूध उतू घालायचं असेल तर घालू द्या. ट्रकवाल्याशी हुज्जत घालण्यापेक्षा त्याला कमी वेळ लागतो.

आणि मग एक-दोन आठवड्यांनी जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं, सारखं 'आपल्या तिकडे' सुरू झालं, तर समजूत घालत बसू नका. काम द्या. मी सासूबाईंना रोज संध्याकाळी भाजीला पाठवायला लागले. महिन्याभरात भाजीवाली त्यांना हाक मारून मेथी दाखवू लागली.

मुलांच्या वस्तूंचा निकाल आपणच लावणं

बांधाबांधीच्या घाईत मी कान तुटलेल्या कढईसकट भातुकली भंगारवाल्याला दिली. माझ्या लेखी कचरा होता. लेक तिसरीत जाणार होती, खेळतही नव्हती त्याच्याशी, तरी तिने दिवाळीपर्यंत ती कढई मला ऐकवली. मुलांना एक खोकं द्या, त्यात काय भरायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. ते सगळ्यांत शेवटी बंद करायचं आणि सगळ्यांत आधी उघडायचं.

शाळेचा दाखला मात्र सुट्टी लागायच्या आत मागा, मे महिन्यात कार्यालयात कोण भेटेल याचा नेम नसतो. पहिली ते आठवीचं मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाणार असेल, तर दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही; २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ तसं सांगतं. खासगी विनाअनुदानित शाळेला हे कलम लागू नाही, तिथे आधीच विचारून ठेवा.

फोनवरच्या भावावर विसंबणं

आमच्या सामानवाल्याने फोनवर एक रक्कम सांगितली, आणि ट्रक दारात उभा राहिल्यावर 'मजल्याचे वेगळे' सुरू झालं. अर्धं सामान रस्त्यावर असताना कोण भांडणार? दिलेच. माणूस घरी बोलावून सामान दाखवा. मजला, लिफ्ट, पलंग खोलणं-जोडणं, सगळं धरून रक्कम लिहून घ्या. खोकी चढताना मोजा, उतरताना मोजा, मगच सही करा. दोन्हीकडच्या सोसायट्यांना सामान हलवायची वेळ आधी विचारा. आमच्या नव्या सोसायटीत संध्याकाळी सहानंतर सामानासाठी लिफ्ट मिळत नव्हती आणि ट्रक पोचला साडेसातला.

यंत्रांचं थोडक्यात: फ्रिज आदल्या दिवशी बंद करून कोरडा करा, उभाच न्या, पोचल्यावर तीन-चार तास तसाच ठेवून मग सुरू करा. एसी जाणकाराकडूनच काढून घ्या, तो गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतो. घाईत नळ्या कापल्या तर सगळा गॅस जातो. दोन्ही घरांच्या वीज मीटरच्या आकड्याचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. भाड्याचं घर असेल तर करार नोंदवलेला हवा. महाराष्ट्रात नोंदणी बंधनकारक आहे आणि ती करून घेणं घरमालकाचं काम आहे.

'घर लागलं की मग शेजाऱ्यांकडे जाऊ'

घर लवकर लागत नाही. आम्ही एका शनिवार-रविवारात सगळं उघडायचं ठरवलं आणि रविवारी संध्याकाळी दोघं एकमेकांशी बोलेनासे झालो. आधी स्वयंपाकघर, अंथरुणं, बाथरूम. बाकी रोज दोन खोकी. पुस्तकं महिनाभर खोक्यात राहिली तरी काही बिघडत नाही.

शेजारी मात्र पहिल्या दिवसापासून लागतात. पाणी किती वाजता येतं, कचरा कुठे द्यायचा, जवळचे डॉक्टर कोण, हे ॲपपेक्षा समोरच्या दाराला जास्त माहीत असतं. मी तिसऱ्या दिवशी नाइलाजाने समोरची बेल वाजवली आणि गाळणं मागितलं. काकूंनी गाळणं दिलं, वर दूधवाल्याचा नंबरही दिला.

'किचन ४' पाचव्या दिवशी बाल्कनीत कूलरच्या मागे सापडलं. गाळणं परत द्यायला गेले तेव्हा रिकाम्या हाताने नको म्हणून सासूबाईंनी डब्यात चार थालीपिठं बांधून दिली. डबा अजून काकूंकडेच आहे.