अधू बॉयलर कोंबडी सांभाळताना या चुका टाळा

टेम्पोच्या जाळीतून रस्त्यावर पडलेली पांढरी ब्रॉयलर कोंबडी, जिला आपण सर्रास ‘बॉयलर’ म्हणतो, घरी आणली की तिला पोटभर खाऊ घालावे असे वाटते, आणि नेमकी हीच माया तिच्या पायांवर येते. पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंच्या आसपास भरावी म्हणूनच ही जात घडवलेली आहे. छातीचे मांस भराभर वाढते आणि पायांची हाडे मागे पडतात. म्हणून भांडे सतत भरलेले न ठेवता खाद्य दोन वेळा मोजून द्यावे आणि दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करून वहीत टिपावे. अंड्यांवरच्या कोंबड्यांचे लेयर खाद्यही देऊ नये. त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असते आणि अंडी न घालणाऱ्या पक्ष्याच्या मूत्रपिंडांना ते बाधते.

पाय मोडला असे गृहीत धरून लगेच काड्या बांधणे ही दुसरी चूक. बोटे आत वळलेली असतील तर ब-२ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते, तळव्याला सूज आणि काळी खपली असेल तर जखम चिघळलेली असते, आणि एक पाय पुढे व एक मागे ताणलेला असेल तर मरेक्स या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगाची शंका घ्यावी लागते, ज्यावर उपचार नाही. हा फरक पशुवैद्यकाने करावा. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या अंदाजाने देऊ नयेत. घरात आधीच्या कोंबड्या असतील तर हिला तीन-चार आठवडे तरी वेगळे ठेवावे.

सर्वांत जास्त हाल होतात ते जमिनीमुळे. लादीवर पाय फाकतात, आणि वर्तमानपत्र तर लादीहूनही निसरडे. तांदळाच्या तुसाचा चार बोटे जाड थर घालावा आणि ओला झालेला भाग रोज काढावा. बसून राहणाऱ्या कोंबडीच्या छातीच्या हाडावरची पिसे झडतात, कातडी लाल होऊन सोलवटते, शेपटीखाली विष्ठा चिकटते आणि तिथे माश्या अंडी घालतात. पावसाळ्यात सकाळी स्वच्छ दिसलेल्या जागी दुसऱ्या दिवशी अळ्या वळवळताना दिसतात, म्हणून रोज संध्याकाळी तिला उचलून पिसे बाजूला सारून पाहावेच.

कापडाच्या झोळीत उभे करण्याचा उपाय चांगला असला तरी तासन्‌तास टांगू नये. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला श्वासाचा स्नायू, नसते, छाती हलली तरच श्वास चालतो. त्यामुळे कापड सैल असावे, बोटे जमिनीला टेकावीत आणि पंधरा मिनिटांनी खाली घ्यावे. चोचीत पाणीही ओतू नये, कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या अगदी मागेच असते.

कोंबडी दोन-चार क्षण तोल सांभाळू लागली की खाद्याचे भांडे विटेवर ठेवावे, आधी आडव्या आणि नंतर उभ्या, म्हणजे खाण्यासाठी ती उभी राहील. पाणी मात्र बसल्या जागी चोच पोहोचेल असेच असू द्यावे.