चाकणच्या आवारात ई-ट्रकचं चार्जिंग उभारताना: आधी घाट मोजा, मग चार्जर निवडा

चार्जरचं कोटेशन मागवण्याआधी मार्गाचा वीजहिशेब कागदावर मांडा. चाकण ते न्हावा शेवा सुमारे १२० किलोमीटर. ५५ टनी ट्रॅक्टर-ट्रेलर भरलेला असेल तर सपाटीवर नियोजनासाठी किलोमीटरला १.५ युनिट धरा, म्हणजे एका बाजूला १८० युनिट. खरा खेळ बोरघाटाचा आहे. ५५ टन वजन ६०० मीटर वर न्यायला चाकांवरच ९० युनिट लागतात. मोटर आणि इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला योग्य रूपात देणारा भाग) यांची घट धरली की बॅटरीतून १०० जातात. उतरताना मोटरच वीज बनवून बॅटरीत भरते, त्यातून ५५ च्या आसपास परत मिळतात.

आता २८० युनिटची बॅटरी घ्या. तळाचे २० टक्के राखून ठेवले की वापरायला २२५ उरतात. जाताना १२५ (१८० वजा उतारावरचे ५५) खर्च होतात. येताना भरलेली गाडी २८० (१८० अधिक चढाईचे १००) मागते, म्हणजे बंदरावर पूर्ण चार्ज करूनही एका दमात चाकण गाठता येत नाही. म्हणून दुसरा चार्जिंग थांबा खोपोली-खालापूरकडे, घाटाच्या पायथ्याशी हवा. तिथे १८० युनिट भरले की गाडी व्यवस्थित घरी येते आणि बंदरावर चार्जिंगसाठी थांबावं लागत नाही. २४० किलोवॅटच्या चार्जरवर याला तासभर धरा, कारण ८० टक्क्यांनंतर वेग पडतो.

लोणावळ्यात जागा मिळाली तरी तिथे थांबा टाकू नका. माथ्यावर बॅटरी ९५ टक्के भरून गाडी उताराला लावली, तर परत येणारी वीज घ्यायला बॅटरीत जागाच नसते. सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापतात. चाकणहून पूर्ण भरून निघालेल्या गाडीला ही अडचण येत नाही. लोणावळ्यापर्यंतच्या पन्नासेक किलोमीटरमध्ये पुरेशी जागा झालेली असते. येताना कंटेनर रिकामा असेल तर चढाईचा खर्च एक तृतीयांशावर येतो, म्हणून भरलेला माल कोणत्या दिशेने जास्त जातो हे डिस्पॅच रजिस्टरमधून काढा.

आवारातला हिशेब यावरूनच निघतो. १० गाड्या, प्रत्येकी २२५ युनिट, वर १० टक्के घट: रात्रीला साधारण २,५०० युनिट. आठ तासांत भरायचे तर सरासरी ३१५ किलोवॅट, थोडी जादा क्षमता ठेवून ४००. दोन गनचे (गन म्हणजे गाडीला जोडायचं केबलचं टोक) १२० किलोवॅटचे ५ चार्जर आणि घाईच्या गाडीसाठी २४० चा एक. सगळे एकदम चालले तर ८४० किलोवॅट होतात, म्हणून लोड मॅनेजमेंटमध्ये (चार्जरमध्ये वीज वाटून देणारी यंत्रणा) ४०० ची मर्यादा घाला. प्रत्येक गाडीला स्वतंत्र गन मिळाल्यामुळे रात्री दोन वाजता ड्रायव्हरला उठवून गाड्या हलवाव्या लागत नाहीत. यासाठी साधारण ४५० केव्हीएची करारमागणी (वीज कंपनीशी ठरवलेली कमाल मागणी) आणि ६३० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर पुरतो.

ही मर्यादा केबल टाकण्याइतकीच महत्त्वाची. महावितरणच्या उच्चदाब बिलात मागणी केव्हीएमध्ये मोजतात. करारमागणी ओलांडली की वरच्या मागणीला दीडपट आकार लागतो, आणि एका रात्रीची चढलेली मागणी पुढच्या महिन्यांच्या बिलाच्या हिशेबातही धरली जाते. ईव्ही चार्जिंगची वेगळी वर्गवारी आहे. वीजजोडणीच्या अर्जात तीच टाका. वेळेनुसारचे दर बघून चार्जिंगची सुरुवात संध्याकाळच्या महाग तासांनंतर लावा. अर्ज सगळ्यात आधी करा. २२ केव्ही फीडरवर (भागाला वीज पुरवणारी उच्चदाब वाहिनी) जागा आहे की नाही, हे कळल्याशिवाय ट्रान्सफॉर्मरची ऑर्डर देऊ नका. चालू करण्याआधी विद्युत निरीक्षकांची मंजुरी लागते.

अर्थिंगकडे पुण्यात जास्त लक्ष द्यावं लागतं. मुरमाखाली काळा खडक लागतो, पाणी धरत नाही, आणि पावसाळ्यात बरोबर आलेलं अर्थिंगच्या रोधाचं रीडिंग एप्रिलमध्ये वाढतं. मग चार्जर अर्थ फॉल्ट दाखवून मध्येच बंद पडतो आणि दोष गाडीला दिला जातो. बोअर मारून बेंटोनाइट (ओल धरणारी माती) भरलेले इलेक्ट्रोड घाला आणि मोजणी उन्हाळ्यात करा.

जागा आखताना गाडी उलटी घ्यावी लागणार नाही अशी आरपार रचना करा: प्रत्येक बे (एक गाडी उभी करायची जागा) २० मीटर लांब, ४.५ मीटर रुंद. चार्जिंग सॉकेट कुठल्या गाडीला डावीकडे, कुठल्या गाडीला केबिनच्या मागे असतं, त्यामुळे ५ मीटरची केबल बऱ्याचदा अपुरी पडते. ७ मीटरची मागा. चार्जरपुढे काँक्रीटने भरलेले लोखंडी बोलार्ड (गाडीची धडक अडवणारे खांब) लावा. चार्जरचा चौथरा जमिनीपासून ४५० मिलिमीटर वर हवा. आतल्या रस्त्यांवरची धूळ एअर फिल्टरमध्ये बसते, हवा कमी खेळते आणि चार्जर आपोआप वीज कमी करतो. फिल्टर दर पंधरवड्याला झाडा.

हायड्रोजनवर चालणाऱ्या ट्रकचा प्रस्ताव आला तर एवढं बघा: पाण्यापासून १ किलो बनवायलाच ५० ते ५५ युनिट वीज लागते, दाब देण्याचा खर्च वेगळा. या अंतरासाठी तो परवडत नाही.

खोदकाम चालू आहे तोवर दोन जादा पाइप टाकून तोंडं बंद करून ठेवा. गाड्या वाढल्यावर काँक्रीट फोडून केबल टाकणं फार महागात पडतं.