उत्तराची वाट पाहणारा चेहरा

पंचवटीतल्या जुन्या वाड्यात आमच्या इंटरॅक्टिव्ह गेमचं शूटिंग होतं. खेळणारा 'खरं सांग' किंवा 'गप्प राहा' निवडेपर्यंत आईचं काम करणाऱ्या काकूंनी वाट पाहायची. हा तुकडा पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरतो. पण काकू गोठल्यासारख्या दिसायच्या आणि प्रत्येक फेरीला मान झटका खायची.

1967 च्या मॉन्ट्रियल एक्स्पोत 'किनोऑटोमॅट' या चेक चित्रपटाचे प्रेक्षक बटण दाबून कथा ठरवायचे. मतदानाला चित्रपट थांबायचा आणि एक नट रंगमंचावर येऊन बोलायचा. आम्हाला मात्र थांबणंच अभिनयात आणायचं होतं.

मी "नुसतं थांबा" म्हणत होतो, तिथेच चुकलो. राज्य नाट्य स्पर्धेत घडलेल्या काकू शेवटी म्हणाल्या, "अरे, कशासाठी थांबू ते सांग ना!" मग त्यांच्या हातात मेथीची जुडी दिली. निवडता निवडता मुलाकडे एकदा बघायचं, पुन्हा डोळे भाजीत. तुकड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी उजवा हात जुडीवर, नजर खाली. पुढच्या दोन्ही फांद्याही, म्हणजे निवडीनंतरचे कथेचे दोन्ही रस्ते, याच स्थितीतून सुरू केल्या. पाटाभोवती चिकटपट्टी लावली, पहिल्या फ्रेमचा फोटो मॉनिटरशेजारी ठेवला. निवडलेली पानं खोल पातेल्यात टाकली, म्हणजे ढीग वाढलेला दिसत नाही. तुकड्याचा शेवट जिथे पुन्हा सुरुवातीला मिळतो, तो जोड दिसेनासा झाला.

'खरं सांग'नंतरचे सगळे प्रसंग एका दिवशी घेतले, 'गप्प राहा'चे दुसऱ्या दिवशी. तासाभरात राग आणि माया आलटूनपालटून मागणं हा नटावर अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं. खिडकीला दोन्ही दिवस काळा पडदा होता. ऊन सरकलं की जोड लगेच उघडा पडतो.