पिकअपचा रेझिस्टन्स मोजताय? आधी या चुका टाळा

महिन्यातून निदान तीन-चारदा माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर तोच फोटो येतो. पिवळं मल्टिमीटर, पडद्याच्या डाव्या कडेला एकटाच ‘१’, आणि खाली प्रश्न: ‘काका, पिकअप गेला का?’

पिकअप म्हणजे इलेक्ट्रिक गिटारीच्या तारांखालचा चुंबक आणि त्याभोवती बारीक वायरीचे हजारो वेढे, म्हणजे कॉइल; तारांची थरथर तो विजेत बदलतो. बहुतेक वेळा तो गेलेला नसतो. मीटर २००० ओहमच्या (ओहम हे रेझिस्टन्सचं, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) रेंजवर असतं आणि पिकअप सात-आठ हजार ओहमचा असतो. मापात मावत नाही म्हणून मीटर ‘१’ दाखवतं, बिचारं दुसरं काय करणार? चकती २०के वर, म्हणजे वीस हजार ओहमवर फिरवा. दहातली सहा ‘मयतं’ तिथेच उठून बसतात.

वायर जुळलेली आहे हे सांगणारा मीटरचा बीप वाजत नाही म्हणून वायर तुटली, हाही तसलाच निष्कर्ष. बीप थोड्याशा ओहमपर्यंतच वाजतो, आठ हजारांवर तो वाजणारच नाही.

इंदूरला रामबागेत, घराच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत मी गिटारी दुरुस्त करतो. हातात मीटर आलं की माणसाला आपण डॉक्टर झाल्यासारखं वाटतं, आणि नाडी बघायच्या आधीच तो सुरी काढतो. खाली जे लिहिलंय ते त्या सुरीच्या भीतीनं लिहिलंय.

व्हॉल्यूमचा नॉब दहावर नाही

ही माझ्या डोक्यात जाणारी चूक, म्हणून जरा लांबण लावतो.

पिकअप मोजायला गिटार उघडावी लागत नाही. गिटारीत केबल लावा, दुसऱ्या टोकाचा जॅक हातात घ्या, मीटरचा एक प्रोब टोकाला, दुसरा मागच्या नळीला. ॲम्प नाही, पेडल नाही. सिलेक्टर, म्हणजे पिकअप निवडायचा खटका, एकाच पिकअपवर. आणि व्हॉल्यूम पूर्ण दहावर. नऊवर नाही, दहावर.

कारण व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे नॉबखालचा बदलता रेझिस्टर, पिकअपला समांतर बसलेला असतो. ५००के चा पॉट पूर्ण उघडा असेल तर ८के चा पिकअप साधारण ७.८७ दाखवतो. २५०के चा असेल तर ७.७५. म्हणजे फरक अगदी किरकोळ. टोनच्या पॉटची काळजी नको, त्याच्या वाटेत कपॅसिटर आहे आणि मीटरचा डीसी करंट त्यातून जात नाही. पण व्हॉल्यूम थोडा खाली आणला की पॉटचा वरचा भाग पिकअपच्या रांगेत येऊन उभा राहतो. ५००के च्या पॉटच्या बरोबर मध्यावर हाच ८के चा पिकअप १२७के दाखवेल. शून्यावर नेलात तर शून्य. पिकअप तोच, फक्त तुमचं बोट सरकलंय.

आता गोष्ट. काही वर्षांपूर्वी, अनंत चतुर्दशीला चार दिवस असताना, सुदामा नगरातला एक मुलगा रात्री साडेनऊला जिना चढून आला. गळ्यात गिटारीची पिशवी, हातात श्रीखंडाचा रिकामा डबा. डब्यात तारांच्या खालच्या टेकूजवळचा, म्हणजे ब्रिजचा, पिकअप.

‘काका, ब्रिजचा उडालाय. एकशेवीस दाखवत होता. यूट्यूबवर आठ सांगतात.’

‘नॉब कुठे होता?’

‘कुठला नॉब?’

नॉब सात-साडेसातवर होता, हे नंतर कळलं. पण एकशेवीस बघितल्यावर या बहाद्दरानं पिकअपच्या वायरी कापल्या, पत्र्याचं कव्हर उपटलं आणि ‘आतून कुठे तुटलंय ते बघावं’ म्हणून कॉइलवरची काळी टेप ओढून काढली. पिकअपची वायर बहुधा ४२ गेजची असते, जाडी सुमारे ०.०६३ मिलिमीटर, डोक्याच्या केसाएवढी. टेपच्या गोंदाला चिकटून ती आली, चार ठिकाणी तुटली. चांगला पिकअप मोजमापाच्या नादात मेला.

मंडळाचा कार्यक्रम परवावर. मी टेबल लॅम्प ओढला, घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं भिंग लावलं आणि बाहेरचं टोक शोधायला बसलो. तुटके वेढे सोडवत सोडवत गेलो, चाळीसेक गेले असतील. शेवटी अखंड टोक सापडलं. त्यावरचं इन्सुलेशन सोल्डरिंगच्या उष्णतेनं जळणारं होतं, म्हणून वाचलो. जुन्या पिकअपवरचं असतं तर बारीक पॉलिश पेपरनं घासावं लागलं असतं, आणि अशा हातात ती वायर पुन्हा तुटली असती. टोकाला जाड वायर जोडली, टेप गुंडाळली, मीटर लावलं: ८.०४. चाळीस वेढे गेले म्हणजे पस्तीसएक ओहम गेले, कानाला त्याचा पत्ताही लागत नाही. रात्रीचा दीड वाजला होता. मुलगा खुर्चीत झोपला होता, डबा मांडीवर.

तेव्हापासून फोनवर माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे. कंपनी कुठली, मॉडेल कुठलं, हे नंतर.

बारीकसारीक, पण रोजचं

सिलेक्टर मध्ये ठेवून मोजू नका. दोन पिकअप समांतर येतात आणि सहा-सहाचे मिळून तीन दाखवतात. स्ट्रॅटोकास्टर गिटारीत सिलेक्टरच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर हेच होतं, आणि लोक ‘अर्धी कॉइल जळली’ म्हणून येतात.

दोन्ही प्रोबांचं धातूचं टोक बोटांनी धरून ठेवू नका, तुमचं अंगही समांतर लागतं. मगरचिमटे घ्या. महाराणी रोडवर चहाच्या पैशात जोडी मिळते.

मोजताना तारा वाजवू नका, आकडे नाचतात. पिकअप आहे तो, वीज तयार करणं हेच त्याचं काम.

काट्याचं जुनं मीटर पिकअपच्या उरावर ठेवून वाचू नका. त्याच्या आतही चुंबक, याच्या आतही चुंबक.

इएमजी ८१ सारख्या ॲक्टिव्ह पिकअपवर हे मोजमाप करूच नका. आत प्रीॲम्प, म्हणजे बॅटरीवर चालणारं आवाज वाढवायचं सर्किट आहे, जॅक घातला की बॅटरी सुरू होते, आणि मीटर जे दाखवेल त्याला काही अर्थ नाही. ॲकूस्टिकच्या पिएझोवर ‘१’ येतो, तो यायलाच हवा. त्यात कॉइल नसतेच.

चार वायरींच्या हंबकरमध्ये, म्हणजे दोन कॉइलींच्या पिकअपमध्ये, वायरींच्या रंगावर विश्वास टाकू नका. सेमूर डंकन कंपनीच्या पिकअपमध्ये काळी वायर आवाजाची आणि लाल-पांढरी एकमेकींना जोडायची. डिमार्झिओ कंपनीच्यात लाल आवाजाची, काळी-पांढरी जोडायची. एकाचा नकाशा दुसऱ्याला लावला की पिकअप गप्प होतो किंवा भलतंच काही वाजवतो. मी रंग बघतच नाही. चारही वायरी मोकळ्या करतो आणि कुठल्या दोन वायरींत चारएक के येतं ते शोधतो. अशा दोन जोड्या सापडतात, त्या दोन कॉइली. एका जोडीतून दुसरीत काहीच यायला नको. आलं, तर आत दोन्ही कॉइली कुठेतरी भिडल्यात.

आणि मीटरची बॅटरी बदला. नऊ व्होल्टची ती पेटी दोन-दोन वर्षं कुणी उघडत नाही. माझ्या मीटरच्या पाठीवर एक टक्क्याचा १०के चा रेझिस्टर टेपनं चिकटवलेला आहे. सकाळी पहिल्यांदा तो मोजतो. ९.९ ते १०.१ च्या बाहेर गेला की मीटरवर संशय, पिकअपवर नाही.

के जास्त म्हणजे आवाज दणदणीत?

नाही. आणि हे मी आता भांडायच्या सुरातच सांगतो, कारण सोळा के, अठरा के म्हणत पिकअप विकणारे आणि घेणारे दोघेही मला माहीत आहेत.

रेझिस्टन्स म्हणजे तांब्याच्या वायरीची लांबी आणि जाडी, बस. तेवढेच वेढे ४२ च्या ऐवजी ४३ गेजच्या पातळ वायरीनं द्या, आठचे दहा होतील. ताकद काही वाढली नाही. टेलीकास्टर गिटारीचा नेकचा, म्हणजे मानेजवळचा, जुना पिकअप ४३ नं गुंडाळलेला, म्हणून त्याचा आकडा सातच्या पुढे जातो, पण तो स्वभावानं गरीबच. उलट ग्रेच कंपनीचा फिल्टरट्रॉन पिकअप चारच्या आसपास असतो, तो ऐकून कुणाची ‘कमी पडतोय’ म्हणायची टाप नाही. चुंबक ॲल्निको की सिरॅमिक, वेढे किती, तारेपासून उंची किती, या सगळ्याचा हिशेब आकड्यात कुठे आहे? गिब्सन कंपनीसाठी सेथ लव्हरनं १९५५ मध्ये हंबकर बनवला, त्या पिढीचे पिकअप सात ते नऊ के पर्यंत हवे तसे सापडतात. लोक त्यांच्यासाठी जीव टाकतात. सोळा मागत बसत नाहीत.

आकडा सांगतो ते एवढंच: कॉइल अखंड आहे की नाही. तेही पूर्ण नाही. आतले थोडे वेढे एकमेकांना चिकटून शॉर्ट झाले तर आकडा जवळपास तोच राहतो, आवाज मात्र मेणचट होतो. आणि कॉइल तुटून मीटर ‘१’ दाखवत असतानाही पिकअप कधीकधी डासासारखा बारीक वाजतो. ‘वाजतोय ना, मग चांगलाय’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

उन्हाळा

ही चूक माझी स्वतःची. मे महिना होता. बाहेरगावच्या एका विक्रेत्याकडून हंबकर मागवला, डबीवर लिहिलेलं ७.९. माझ्या मीटरवर आला ८.४२. बदलून मागवावा का, यावर मी तीन दिवस वाद घातला. शेवटी त्यानं काही पैसे परत केले, वैतागून. मी विजयी मुद्रेनं पिकअप कपाटात टाकला.

जानेवारीत सकाळी काढला, गिटारीत बसवायच्या आधी मोजला: ७.५०. बॅटरी नवी, १०के चा रेझिस्टर बरोबर. पंधरा मिनिटं मी त्या पिकअपकडे बघत बसलो.

तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. विक्रेत्याच्या एसी खोलीत पंचवीस अंश असणार. माझ्या पत्र्याखाली मेच्या दुपारी बेचाळीस, जानेवारीच्या सकाळी बारा. हिशेब केला, दोन्ही आकडे अगदी जुळले. पिकअप ७.९ चाच होता, तापमान मीच विसरलो होतो. पैसे परत पाठवले आणि फोन केला. तो फक्त एवढंच म्हणाला, ‘पत्र्याची खोली आहे हे आधी सांगायचं ना!’

आता माझ्या वहीत पिकअपच्या नावापुढे दोन रकाने आहेत, के आणि अंश. वेढे हलू नयेत म्हणून गरम मेणात बुडवून काढलेला पिकअप मोजायचा असेल तर रात्रभर थांबा. वीस अंशाला ८ दाखवणारी कॉइल साठ अंशाला ९.२५ दाखवते, आणि मग पुन्हा रात्री साडेनऊला कुणीतरी डबा घेऊन जिना चढतं.